वजा एक

खामगावात बसून गजेंद्र नेमकं काय करतो, हे त्याच्या घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. वडील शेषराव, घरातले आबा, गावभर 'पोरगा काम्प्युटरवर रक्त पाह्यते' असं सांगत आणि वर मिशीवरून हात फिरवत. ते अगदीच खोटंही नव्हतं. माणसाच्या जनुकांची अक्षरं यंत्र तुकड्यातुकड्यांनी वाचतं, ते कोट्यवधी तुकडे आपापल्या जागी एकाखाली एक जुळवून ठेवले की त्यांची अवाढव्य फाईल होते. ती अख्खी उघडायला गेलं तर कॉम्प्युटर आचके देतो. गजेंद्र जावास्क्रिप्टच्या एका लायब्ररीने, म्हणजे आयत्या कोडच्या संचाने, तिच्यातला हवा तेवढाच घास उचलायचा आणि ब्राउझरच्या पानावर दाखवायचा. डॉक्टरने जागेचा आकडा चौकोनात टाकावा आणि नेमकं तेच एक अक्षर, मोठ्ठं, ओळींमागून ओळी, समोर यावं. आजूबाजूचा पसारा नाही. या साधेपणाचा त्याला भारी अभिमान होता.

अमडापूरला दिलेली त्याची मोठी बहीण पूनम त्या दिवशी भर दुपारी आली, ती रुमालात बांधलेली डिस्क घेऊन. तिचा पहिला मुलगा पाच महिन्यांचा होऊन वारला होता. त्याने मान कधी धरलीच नाही. रक्त तपासलं तेव्हा एक अक्षर बदललेलं निघालं, तेही मुलाला फक्त आईकडूनच मिळणाऱ्या भागात. आता प्रश्न एवढाच होता, की ते अक्षर त्या बाळातच नव्याने बिघडलं, की पूनमकडून आलं. तिच्याकडून आलं असेल तर पुढच्या प्रत्येक मुलाच्या वेळी छापा की काटा. तिच्या रक्ताची फाईल मिळाली होती, पण प्रयोगशाळेचा कागद यायचा होता आणि पूनमला तिसरा महिना लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, कागदाची वाट पाहू नका, पोटातल्या बाळाची तपासणी करून घ्या. त्यासाठी पोटात सुई घालावी लागणार होती. त्या सुईने धडधाकट बाळही क्वचित हातचं जातं, हे ऐकल्यापासून पूनमला ती सुई नको होती.

"गजू, रोज लोकायचं पाह्यतं नं तू? आज माह्यं पाह्य."

"कागद येऊ दे, ताई. मी काही डॉक्टर नाही."

"नसशील. माहा भाऊ तं हायेस."

सख्ख्या बहिणीपुढे शहाणपण टिकतं किती वेळ? त्याने डिस्क जोडली. पूनम खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, तिचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. त्याने मुलाच्या कागदावरचा आकडा वाचला, मनाशी जुळवला आणि चौकोनात टाकला. अडतीस ओळी आल्या. अडतीसही ओळींत तेच, जसं असायला हवं तसं अक्षर. आईत त्या भागाच्या दोन प्रती असतात; एकीत दोष असता तर निम्म्या ओळी फितूर झाल्या असत्या.

"साफ हायेस तू, ताई. तुह्याकडून काहीच नाही."

पूनम पोटभर रडली. ती सुई तिने घेतलीच नाही.

ऋत्विक जन्मला तो रडलाच नाही. श्वास घेताना त्याच्या छातीत खड्डा पडायचा, हातपाय ठेवाल तिथे राहायचे. दीड महिन्याने डॉक्टरांनी घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. आणि तो रेंगाळलेला कागद त्याच आठवड्यात आला: दोष आईकडे आहे.

गजेंद्र आधी प्रयोगशाळेवरच उखडला. घोळ त्यांनीच घातला म्हणून तो पुरावा काढायला बसला. पान बाजूला ठेवून त्याने थेट लायब्ररीलाच विचारलं. अडतीस ओळी आल्या. एकोणीस ओळींत भलतंच अक्षर होतं.

तो उठला आणि तसाच अमडापूरला गेला. पूनम ओसरीवर ऋत्विकला मांडीवर घेऊन बसली होती. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं. थांबला असता तर जीभ उचलली नसती.

"आबा ज्वारी मोजतात तवा पयल्या पायलीले एक म्हनत नाहीत, लाभ म्हनतात. तसं माह्या लायब्ररीत पयल्या अक्षराले शून्य म्हनतात, दुसऱ्याले एक. म्हनून डॉक्टरच्या आकड्यातून एक कमी करा लागते. ते माह्यं पान आपल्या मनानं करते. मीच तसं लिवलं, कोनी चुकू नये म्हनून. अन् त्या दिवशी तू मांगं उभी होती... मी घाबरून डोक्यातही एक कमी केला. दोनदा झाला, ताई. मी शेजारचं अक्षर पाह्यलं. तेही तेच होतं, म्हनून कळलं नाही."

पूनमला ते चटकन समजलं. आबांच्या पायल्या मोजत तीही वाढली होती.

"अन् बराबर पाह्यलं असतं तं?"

"तं तू तपासनी केली असती."

"अन् मंग?"

गजेंद्रने ऋत्विककडे पाहिलं.

"मंग हा नसता," तीच म्हणाली.

गजेंद्र रडायला लागला. एवढा मोठा गडी, नाक पुसायचंही भान राहिलं नाही. येताना वाटभर त्याने माफी जुळवली होती. पण मागायची कशाची? हे दुःख दिल्याची, की हे लेकरू दिल्याची?

"माह्यी चूक हाये, ताई. येवढी मोठी चूक—"

"हळू बोल." पूनमने ऋत्विकच्या कानावर तळवा ठेवला. "चूक नोको म्हनू त्याच्यापुढं. त्याले हालता येत नाही, गजू. आयकू सगळं येते."

ऋत्विक जागा होता आणि एकटक मामाकडे पाहत होता.