शांतीच्या दारातला विलायती घोडा

मित्रांनो, डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत शांतीच्या दाराशी जो एका कानाचा लाकडी घोडा उभा असतो, तो मीच. माझ्या पायांखाली होडीच्या बुडासारख्या वाकवलेल्या दोन फळ्या आहेत. त्यांच्यावर मी पुढे-मागे डोलतो. चाळीतली मुले मला 'विलायती' म्हणतात आणि मला त्याचा थोडासा अभिमानही वाटतो. पण मी साता समुद्रांपलीकडून इथे कसा आलो, आणि मला घेऊन येणारी माणसे कुठे गेली, हे त्या मुलांना ठाऊक नाही.

विलायतेत लँकेशायर नावाचा परगणा आहे. तिथेही गिरण्या आहेत, धुराडी आहेत आणि पहाटे कामाला निघालेल्या माणसांची रांग आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने आपल्या नातीसाठी मला घडवले. अंगाला करडा रंग दिला, त्यावर काळे ठिपके काढले, खऱ्या घोड्याच्या केसांची आयाळ लावली आणि माझे नाव ठेवले ड्यूक. नातीचे नाव एडिथ. ती तेव्हा जेमतेम चालायला लागली होती.

एडिथचे वडील व्हिटेकर साहेब विणाई खात्यातले जाणते मास्तर होते. मुंबईच्या एका गिरणीने त्यांना बोलावून घेतले. निघायच्या दिवशी म्हाताऱ्याने मला स्वतःच्या हाताने गवतात गुंडाळले, पेटीत ठेवले आणि म्हणाला, "वाटेत मोडला, तर तिकडे याला नीट कोण करील?"

त्याची मुलगी एलन, म्हणजे एडिथची आई, हसून म्हणाली, "तिकडे सुतार नसतात का, बाबा?"

म्हाताऱ्याने खिळे ठोकायला घेतले. पेटीच्या फटीतून मला त्याचे डोळे दिसत होते. तो घोड्याविषयी बोलत नव्हता, हे मला फार पुढे कळले.

आगबोटीतून मुंबई बंदरात उतरलो आणि बैलगाडीतून परळला आलो. गिरणीच्या मागे साहेबांना बंगला मिळाला होता. पुढे व्हरांडा, कुंपणाला मेंदी आणि फाटकाशी एक उंच, सावलीचे भेंडीचे झाड. मला व्हरांड्यात ठेवले. गिरणीतल्या लोकांना 'व्हिटेकर' म्हणता येईना, म्हणून त्यांनी साहेबांचे 'विटेकर' करून टाकले. ते नाव ऐकून एलनबाई एकदाच मनापासून हसलेल्या मला आठवतात. नंतर त्या फारशा हसल्या नाहीत. उन्हाने त्या कोमेजत गेल्या. गिरणीचा भोंगा वाजला की त्या हातातले काम थांबवून बघत राहत, जणू आपल्याच गावचा भोंगा वाजला. दुसऱ्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला आणि शिवडीच्या मातीत त्यांना ठेवून साहेब घरी परतले.

घरात आता बिनआईचे लेकरू आणि मुका झालेला बाप. साहेबांच्या खात्यात दौलत नावाचा विणकर होता, मालवणकडचा. त्याची बायको शांती. लग्नाला बरीच वर्षे झाली होती, पण तिची कूस उजवली नव्हती. दौलत साहेबांना म्हणाला, "सायबानू, माझी बायको येतली. पोराक सांभाळतली."

शांती पहिल्या दिवशी आली तेव्हा एडिथ माझ्या पोटाखाली लपून बसली होती. शांतीने तिला ओढून काढले नाही. ती जमिनीवर बसली, माझ्या नाकावरून हात फिरवला आणि विचारले, "ह्या घोड्याचा नाव काय गो, बाय?"

"ड्यूक," खालून बारीक आवाज आला.

"डुकर? घोड्याक डुकर कोण म्हणता?"

एडिथला शब्द कळला नाही, पण शांतीचे गोल झालेले डोळे बघून ती खुदकन हसली आणि बाहेर आली. त्या दिवसापासून शांतीच्या तोंडी मी डुकर झालो आणि एडिथची इंदू झाली. मला राग आला नाही. इतक्या दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसले होते.

मग चांगली वर्षे आली, मित्रांनो. इंदू शांतीच्या हातची पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा खाऊ लागली. बापाशी दोन शब्द इंग्रजी, बाकी सगळे बोलणे मालवणी. पडली तर "आये गे!" म्हणून ओरडायची. संध्याकाळी दौलत गिरणीतून सुटला की फाटकाशी थांबायचा आणि तिला खांद्यावर बसवून भेंडीची पिवळी फुले काढून द्यायचा. साहेब व्हरांड्यात बसून नुसते बघायचे. लेकीचे अर्धे बोलणे त्यांना कळत नसे. एकदा ते गणपत गाडीवानाला म्हणाले, "मेरा बेबी क्या बोलता है, तुम हमको बोलो."

गणपत म्हणाला, "साब, बेबी बोलती, बाबा हसत का नाहीत."

साहेब उठून आत गेले.

मग शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी मांडवीकडे, मग इकडे गिरणगावात. उंदीर मरून पडू लागले. लोक बोचकी बांधून गावी पळू लागले, गिरणीतले माग ओस पडले. एके सकाळी शांती कामावर आली नाही. गणपत बातमी घेऊन आला: दौलतच्या काखेत गाठ आली आहे, शांती त्याच्याजवळ आहे.

इंदू रोज सकाळी माझ्या पाठीवर बसून फाटकाकडे तोंड करून डोलायची. "गणपतमामा, शांती खंय आसा?"

"येतली, बाय. येतली."

दौलत वाचला नाही. त्याची खोली उघडी टाकली, चुन्याने धुतली, अंथरूण-पांघरूण चाळीसमोर जाळले. इकडे साहेबांनी घाबरून आगबोटीवर जागा मिळवली. एक ओळखीचे कुटुंब विलायतेला परत निघाले होते. त्यांच्याबरोबर इंदूला आजोबांकडे पाठवायचे ठरले. मला नेता येणार नव्हते. साथीच्या गावातली घोड्याच्या केसांची आयाळ बोटीवर कोण घेणार?

निघायच्या दिवशी सकाळी शांती आली. गणपतने तिला निरोप धाडला होता. ती फाटकाबाहेर, भेंडीखाली उभी राहिली. कपाळ पांढरे, हात उघडे. इंदूने माझ्या पाठीवरून उडी मारली आणि "शांती इली! शांती इली!" करत पायऱ्या उतरून धावली.

"येव नको!" शांती ओरडली. "थंयच रव!"

इंदू थबकली. मग तिला वाटले, हा खेळच आहे. ती हसली आणि पुन्हा धावली.

शांतीने वाकून धोंडा उचलला आणि फेकला. तो इंदूच्या पायाशी आपटला. धूळ उडाली. त्या घरात इंदूवर कधी कुणी हात उगारला नव्हता. ती जागच्या जागी उभी राहिली.

"मी काय केलंय गो?" तिने विचारले.

शांतीने दुसरा धोंडा उचलला होता. तो तिने तसाच खाली टाकला. ती वळली आणि रस्त्याने चालू लागली. एकदाही मागे बघितले नाही. गणपत तिच्यामागे गेला. परत येऊन तो साहेबांना रडत-रडत म्हणाला, "ती बोलली, साब, दौलतचं अंग मी धुतलं, तो ताप माझ्या अंगात असेल तर? गोड बोलले असते तर पोर थांबली नसती."

साहेबांनी टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. पण ही गोष्ट लेकीला समजावून सांगायला लेकीची भाषा त्यांच्याजवळ नव्हती, आणि गणपत सांगू लागला तर इंदूने कानांवर हात ठेवले. "आया सिक, आया सिक," एवढेच ते म्हणत राहिले. इंदू त्यांच्याकडे बघतही नव्हती.

गाडी जुंपली. इंदूला नवे बूट घातले होते. ती माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाला तोंड लावून हळूच म्हणाली, "शांती इली तर तिका सांग, मी आता शाणी झालंय."

मित्रांनो, मला सुताराने डोळे दिले, कान दिले, पण तोंड मिटलेलेच कोरले.

साथ ओसरल्यावर शांती आली. तिला ताप आलाच नव्हता. व्हरांड्यात तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझा पोर काय बोलला रे जाताना?" मी नुसता डोललो. तिचा हात लागला म्हणून डोललो. साहेबांनी मला तिच्या हवाली केले. गणपतच्या गाडीतून मी या चाळीत आलो. उतरवताना माझा एक कान मोडला, तो कुणी बसवला नाही. शांती आता गिरणीत सुताच्या खात्यात जाते. रात्रपाळीहून आलेल्या बायांची पोरे तिच्या दारात माझ्यावर बसतात. ती कुणावर ओरडत नाही. मुले काही मोडोत, सांडोत, ती ओरडत नाही.

अशी काही वर्षे गेली आणि यंदा साहेब कायमचे विलायतेला निघाले. ते कळताच शांती बंगल्यावर गेली. परत आल्यावर तिने शेजारच्या रमाबाईला सगळे सांगितले, आणि मी दाराशीच होतो.

शांती त्यांना म्हणाली होती, "सायबानू, माझ्या बायेक एक सांगा. मी रागान मारूक नाय."

साहेबांना बहुधा अर्थ कळला. ते आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, "शांती, बेबी अब तुम्हारा बात नहीं जानता. इंग्लिश बोलता. सब भूल गया."

"मग तू काय म्हटलंस गो?" रमाबाईने विचारले.

शांतीने चुलीतले निखारे पुढे ओढले. "मी म्हटलंय, इसारली तां बरां झाला. मगे तो धोंडोय इसारली असतली."

रमाबाईने पदर तोंडाला लावला. शांती रडली नाही. तिने भाताचे आधण ठेवले.

मित्रांनो, मी जुने लाकूड, तुम्हाला काय शिकवणार? पण एवढे ऐका. तुमच्या घरचे मोठे माणूस कधी उगाच रागावल्यासारखे वाटले, तर लगेच तोंड फिरवून जाऊ नका. थोडे थांबा, विचारा. आणि जे तुमच्यासाठी रागावले, त्यांच्यापाशी एकदा जाऊन सांगा की तुम्हाला कळले. ते सांगायला तुम्हाला तोंड आहे. आणि तुम्ही अजून एकमेकांची भाषा बोलता.