खळ्यावरची उतरंड

त्र्याण्णव सालच्या थंडीत महिनाभर मी रोज सकाळी खोटं बोलले. गल्लीतलं कोणी ना कोणी विचारायचं, "नंदाबाई, रात्री वाजलं का?" आणि मी, अंगणवाडीची सेविका, पोरांना खरं बोलायला शिकवणारी बाई, तोंडातली मिश्री थुंकून बिनदिक्कत सांगायची, "वाजलं. पहाटं. हळूच वाजलं."

वडीगोद्रीपासून दीड कोसावर आमचं गाव. आमच्या गल्लीत सात घरं, सगळी माळवदाची. म्हणजे दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची आणि चोपून बसवायची, म्हणजे घर गळत नाही. जुनी माती मात्र कोणी काढत नसे. माझ्या मालकांनी, बद्रीनाथांनी, लग्नानंतर बारा वर्षं न चुकता टोपल्या वाहिल्या. एकोणनव्वदला शेतात त्यांना साप चावला आणि ते गेले. त्यानंतर मी गडी लावून माती टाकून घ्यायची. मूलबाळ नाही. घरात मी आणि कोपऱ्यातली माझ्या रुखवताची पितळी उतरंड, खाली हंडा, त्यावर कळशी, त्यावर तांब्या आणि सगळ्यात वर पालथं घातलेलं फुलपात्र.

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला ते फुलपात्र खणखणत खाली आलं. मला वाटलं मांजर असेल. मग तांब्या हलला, खाट हलली, आणि मी "उठा, बाहेर या" करत गल्लीभर पळत सुटले. सातही घरं बाहेर आली. आमच्याकडे एक भिंतसुद्धा पडली नाही. दिवस वर आल्यावर रेडिओवर किल्लारीचं कळलं. तिकडची घरं आमच्यासारखीच होती, डोक्यावर तशीच माती घेतलेली. त्या दिवशी गल्लीत चूल पेटली नाही.

त्याच संध्याकाळी सगळ्यांनी माझ्या शेजारच्या भुजंगरावांच्या खळ्यावर खाटा टाकल्या. खळं मोकळं होतं, भिंत लांब, झाड लांब. माझी उतरंडही लोकांनी तिथं आणून माझ्या उशाशी एका सपाट दगडावर रचली. बाकीच्यांनीही आपापल्या खाटेशी तांब्यावर तांब्या ठेवून पाहिले, पण भरवसा माझ्याच उतरंडीवर. ती एकदा बोलली होती ना.

आता खरं सांगते. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे दिवस होते. तिकडे माणसं गाडली गेली आणि मी इकडे सुखात होते, याची मला लाज वाटते, पण होते. चार वर्षं दिवेलागण झाली की मी दाराला कडी घालायची आणि सकाळपर्यंत माझा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा नाही. खळ्यावर शेकोटी असायची. गल्लीतल्या कांताबाई आपल्या नवऱ्याची नक्कल करायच्या आणि नवरा गोधडीतून "ऐकून राह्यलो बरं का" म्हणायचा. माझ्या खाटेला खाट लावून दुर्गाबाई झोपायच्या. साठीच्या पुढच्या, भुजंगरावांच्या आई. दोन लेक, दोन सुना, नातवंडं, भरलेलं घर. मला त्यांचा हेवा वाटायचा. आम्ही दोघी तासन् तास बोलायचो, माहेरचं, मेलेल्यांचं, भाजीत घातलेल्या मिठाचंसुद्धा.

दिवाळी झाली आणि लोकांची भीती उतरायला लागली. एका सकाळी भुजंगरावांनी गादी गुंडाळली. खाट उचलता उचलता सहज विचारलं, "रात्री काही वाजलं न्हाई ना, बाई?"

खरं उत्तर 'नाही' होतं. दिवाळीपर्यंत मी तेच देत आले होते. पण त्यांच्या हातातली खाट मी पाहिली, आणि रात्रीची माझी कडी मला दिसली.

"वाजलं," मी म्हणाले. "पहाटं. एकदाच."

भुजंगरावांनी खाट खाली ठेवली. इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी परत बोलले, तिसऱ्या दिवशी तर कोणी विचारायच्या आधीच बोलले. किल्लारीकडे अजून हादरे बसत असल्याचं रेडिओ सांगत होता, त्यामुळे माझ्यावर शंका घ्यायचं कोणाला कारणच नव्हतं.

त्याच सुमाराला अंबडहून एक इंजिनिअर आले. गिरिधर जोशी त्यांचं नाव. चष्मा नाकावरून सारखा घसरायचा. सरळ शिडी लावून माझ्या माळवदावर चढले आणि धूर जायला ठेवलेल्या भोकातून टेप खाली सोडला.

"सव्वादोन फूट," ते वरूनच ओरडले. "बाई, तुम्ही छताखाली नाही, शेताखाली झोपता. भूकंप माणूस मारत नाही, ही माती मारते. वीतभर ठेवा, बाकी उतरवा."

"साहेब, माती काढली तर गळंल की," भुजंगराव म्हणाले.

"गळू द्या. गळकं घर दुरुस्त होतं."

लोक मान डोलावून हसले. साहेबांनी आणखी सांगितलं, भिंतीला लागून झोपू नका, दाराची वाट मोकळी ठेवा, फळीवर जड डबे ठेवू नका, हादरा संपला तरी लगेच आत पळू नका. मी ते सगळं अंगणवाडीच्या वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. माती उतरली की लोक घरात जाणार, हे मला त्यांच्याआधी कळलं होतं.

डिसेंबर लागला. खळ्यावर दव पडायचं, गोधड्या सकाळी ओल्या लागायच्या. कांताबाईंची लेक रजनी बाळंतपणाला आली होती, ऑक्टोबरात तिला मुलगी झाली. दोन महिन्यांची पोर, आईच्या कुशीत, पण डोक्यावर उघडं आभाळ. पोर रात्रीची खोकायची. मी ऐकायची. दुसऱ्या कुशीवर वळायची.

महिन्याच्या वजनाला रजनीनं तिला अंगणवाडीत आणलं. मी झोळीत घातलं, काटा पाहिला. नोव्हेंबरात पोर पावणेचार किलो होती. आता साडेतीन भरली. मी झोळी सोडून परत अडकवली. साडेतीनच. दोन महिन्यांच्या लेकराचं वजन कमी होत नसतं, चौदा वर्षं मी हेच आयांना सांगत आले. मी माझ्याच हातानं रजिस्टरात तीन-पाचशे लिहिलं, आणि छाती बघायला पोरीचं झबलं वर केलं तर बरगड्यांखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता.

"हिला आत्ताच्या आत्ता अंबडला ने," मी रजनीला म्हणाले.

निमोनिया निघाला. पाच दिवस पोर दवाखान्यात होती. ते पाच दिवस मी कसे काढले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी कोणी विचारलं तर आता 'नाही वाजलं' म्हणायची, आणि लोक आणखी थोडे दिवस बघू म्हणायचे. देवाला हात जोडायचीही मला हिंमत झाली नाही. काय म्हणणार होते, मी केलेलं तू निस्तर? सहाव्या दिवशी संध्याकाळी कांताबाई एस.टी.तून उतरल्या, मागे रजनी, छातीशी टॉवेलात गुंडाळलेली पोर. जगली होती. आणि कांताबाई सरळ खळ्यावर आल्या आणि खाट झटकायला लागल्या.

"अहो, लेकराला घेऊन इथं?" मी विचारलं. "डॉक्टरांनी उबंत ठेवा म्हणलं आसंल ना?"

"म्हणले की. पण घर अंगावर आलं तर डॉक्टर काय करंल? तुम्ही सांगान तव्हा आत जाऊ, बाई. तुमच्यावर बिलकुल भरवसा हाय."

त्यापेक्षा कोणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

मी तिथंच उभी राहिले आणि सगळ्यांना बोलावलं. सगळं खरं सांगायचं असं ठरवून तोंड उघडलं होतं, पण तेवढा दम माझ्यात नव्हता. "पाच-सहा दिवस झाले, उतरंड वाजली न्हाई," मी म्हणाले. "कांताबाई, पोरीला घेऊन आज अंगणवाडीत झोपा, पत्र्याची हाय. आन् उद्यापासून माळवदं उतरवायची. वीतभर ठिवून बाकी सगळी माती खाली. त्याशिवाय कोणी आत जायचं न्हाई. माझं ऐकणार असाल तर एवढं ऐका."

"गळंल," भुजंगराव म्हणाले.

"गळू द्या," मी इतक्या जोरात ओरडले की शेकोटीजवळचं कुत्रं उठून गेलं.

निंदणी-खुरपणीला करतो तशी सावड केली. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या. पहिलं घर कांताबाईंचं. गडी वर कुदळी चालवत होते, बाया टोपल्या वाहत होत्या. माझ्या घरात गडी नव्हता, म्हणून सातही ठिकाणी मी दोघींच्या टोपल्या वाहिल्या. मान आखडली, तळहात सोलले. कोणी थांब म्हटलं की मला राग यायचा.

एकेक घर हलकं झालं तशी एकेक खाट खळ्यावरून गेली. कांताबाईंच्या खिडकीत दिवा लागला, मग पलीकडच्या घरात, मग भुजंगरावांच्या. मीच लावलेले दिवे, आणि खळ्यावर बसून मीच ते मोजायची. शेवटी माझं घर राहिलं. त्या संध्याकाळी खळ्यावर दोनच खाटा होत्या. दुर्गाबाईंना लेक दोनदा बोलवून गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"मावशी, तुमचं घर झालं. जा की आत," मी म्हणाले.

"जाईन." त्यांनी गोधडी गुडघ्यांवर ओढली. "नंदे, ते फुलपात्र तुझ्या उशाशी तसं माझ्याबी उशाशी व्हतं. मला रात्री डोळ्याला डोळा लागत न्हाई. ते एकदाबी वाजलं न्हाई."

मी वळून उशाशी पालथ्या घातलेल्या फुलपात्राकडे पाहिलं.

"मंग बोलल्या कामून न्हाई?"

"घरात ओसरीवर माझी खाट आसती. सून ताट ठिवून जाती, लेक 'औषध घेतलं का' म्हणतो, झालं. चार-चार दिवस माझ्याशी कोणी बोलत न्हाई. इथं तू बोलत व्हतीस." त्या थोडं थांबल्या. "त्या लेकराचं पाप निम्मं माझं हाय. एकटी नको वाहू."

मी त्यांच्या खाटेवर बसून रडले. त्यांनी समजूत घातली नाही, पाठीवर नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझं माळवद उतरलं. कुदळीनं काप घेतला तसे मातीचे थर उघडे पडले, एकावर एक, प्रत्येक वर्षाचा वेगळा. वरचे चार गड्यांनी टाकलेले, त्याखालचे बारा बद्रीनाथांच्या हातचे, आणि तळाची वीतभर त्यांच्याही आधीची. माझं घर गळू नये म्हणून उन्हात वाहिलेली माती, आणि तिनंच मला मारलं असतं. त्यांच्या हातची मूठभरसुद्धा मी ठेवली नाही. सगळी गाडीवाटेच्या खड्ड्यांत भरली.

रात्री मी आत झोपले, कडी लावली. ओळखीची शांतता परत आली. छत हलकं झालं होतं, ती झाली नव्हती. पण सकाळी मिश्री लावायला बाहेर आले तर शेजारच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"नंदे, वाजलं का?"

"न्हाई वाजलं, मावशी."

"बरं."

एवढंच. पण रोज. पावसात, उन्हात, अंगात ताप असला तरी. साडेपाच वर्षं. त्या एका प्रश्नासाठी मी रोज सकाळी उतरंड पुसून नीट रचायची, फुलपात्र पालथं घालायची. भारतात सगळ्यात जास्त चौकशी झालेलं फुलपात्र ते माझंच असेल. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात दुर्गाबाई झोपेतच गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिश्री लावून भिंतीशी उभी राहिले, ऊन वर येईपर्यंत उभी राहिले, आणि मग अंगणवाडीला गेले.

दोन हजार एकच्या जानेवारीत, सव्वीस तारखेला, झेंडावंदन आटोपून मी पातळ बदलायला घरी आले होते. पावणेनऊ झाले असतील. कोपऱ्यात किणकिण झाली. वळून पाहिलं तर फुलपात्र तांब्यावर थरथरत होतं, मग घसरलं आणि फरशीवर वाजलं. मांजर नव्हतं, वारा नव्हता. मी दार ढकललं, भिंतीपासून लांब गल्लीच्या मधोमध आले आणि "बाहेर या, बाहेर या" ओरडले. सातही घरांतून माणसं बरोबर बाहेर आली. कांताबाईंची नात, साडेतीन किलोची ती पोर, आता सात वर्षांची, आजोळीच शाळेत जाणारी, हातात कागदी झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी होती. कोणाला काही जाणवलं नव्हतं. खूप वेळ वाट पाहून लोक आत गेले. गुजरातचं दुपारी कळलं.

लोक पांगल्यावर मी भिंतीपाशी गेले. तोंड पलीकडे करून म्हणाले, "मावशी, वाजलं. खरं वाजलं."

पलीकडे धुणं आपटायचा आवाज थांबला. "काकू, कोणाशी बोलून राह्यल्या?" दुर्गाबाईंच्या सुनेनं विचारलं.

"कोणाशी न्हाई," मी म्हणाले.