नसेनच

समाजकार्य शिकणाऱ्या मुलीने प्रश्न कॉलेजात शिकवल्याबरहुकूम विचारला. "समजा, तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि सगळ्या अडचणी मिटल्या. सकाळी उठल्यावर काय वेगळं असेल?" या पद्धतीत अडचणीचं मूळ उकरत बसायचं नसतं. अडचण नसलेला दिवस माणसाच्याच तोंडून ऐकायचा आणि त्यातली सर्वांत सोपी गोष्ट आधी करायला घ्यायची.

अंथरुणाला खिळलेल्या सासूची उशी सारखी करता करता सून हसली. "सकाळी? सकाळी मी नसेनच."

"मग माझं कोण करणार?" सासू म्हणाली. "चमत्कार जरा माझं जेवण झाल्यावर ठेवा म्हणावं!"

तिघीही हसल्या. शिकाऊ समाजकार्यकर्तीने पुढचा ठरलेला प्रश्न विचारला, "बरं, आणखी काय वेगळं असेल?"

सुनेने तिच्याकडे नीट पाहिलं. "आणखी काही नाही, मॅडम."

जिना उतरताना मुलगी त्या 'नसेनच'पाशी अडली. माहेरी गेलेली असेन, नोकरीला लागलेली असेन, असंही सुनेला म्हणायचं असेल. पण मग नुसतं 'घरी नसेन' म्हणाली असती. तो 'च' काही केल्या घशाखाली उतरेना. रस्त्यावर येताच तिने कॉलेजातल्या बाईंना फोन लावून सुनेचं उत्तर सांगितलं. मुलीचं असं घरोघरी जाऊन करायचं क्षेत्रकाम त्याच बघत.

"त्यावर तू काय विचारलंस?"

"आणखी काय वेगळं असेल, असं."

"म्हणजे तिने दार उघडलं आणि तू दाराचा रंग विचारलास."

"बाई, सरळ विचारलं आणि नसलेलं मीच तिच्या डोक्यात घातलं तर?"

"विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही गं. असेल, तर ती ते एकटी घेऊन बसलीय. पद्धत ठेव पिशवीत. वर जा, साध्या शब्दांत विचार. मी निघालेच. मी येईपर्यंत तिला एकटं सोडू नकोस."

ती पुन्हा जिना चढली. सून हसून नाही म्हणाली तर बरं, असं तिला वाटत होतं. आणि त्या हसण्यावर आपण लगेच विश्वास ठेवू, ही धास्तीही होती.

दार सुनेनेच उघडलं. "काही विसरलात?"

"विचारायचं राहिलं." मुलगी म्हणाली. "मघाशी नसेनच म्हणालात. जीव द्यायचं मनात आहे का?"

सून हसली नाही. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं, मग मुलीचं मनगट धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. मागच्या डब्यातून गाठ मारलेला रुमाल काढला.

"आईंच्या गोळ्या. आज त्यांचा डोळा लागला की..."

मुलीला शिकलेलं एकही वाक्य आठवेना. तिने हात पुढे केला. "माझ्याकडे द्या."

सुनेची मूठ उघडली नाही.

"अगं, कोण आलंय?" आतून सासूची हाक आली.

"मघाचीच मुलगी, आई." सुनेचा आवाज रोजच्यासारखा होता, पण डोळे मुलीवरून हलले नाहीत. "जेवायला थांबतेय... थांबताय ना?"

"थांबते," मुलगी म्हणाली. "आणि आमच्या बाईही येतायत."

"म्हणजे अजून दोघींचा स्वयंपाक," सून पुटपुटली, आणि रुमाल तिने मुलीच्या हातावर ठेवला.