काम पडलं नाही

“मामा, हात खाली! ते तुमचा हात वाचतंय!”

यंत्रवाला कोपऱ्यातून ओरडला आणि थिएटरातले मामा ओशाळले. ऑपरेशन करताना मोठे डॉक्टर “हं” म्हणाले, की मामांनी बटण दाबून पडद्यावर पेशंटच्या स्कॅनचा पुढचा फोटो आणायचा. “अंहं” म्हणाले, की मागचा. बावीस वर्षांची नोकरी या दीड शब्दावर उभी होती. डॉक्टरांच्या धुतलेल्या हातांना बटण शिवायची बंदी, म्हणून मामांची चलती. माझ्यावाचून डॉक्टरांचं पान हलत नाही, असं ते बायकोला सांगत. खोटं नव्हतं, फोटो तरी हलत नसे.

आता कॅमेरा आला होता. डॉक्टरांनी हवेत हात फिरवायचा, फोटो आपोआप सरकायचा. आज शेवटची चाचणी. पास झाली, तर उद्यापासून मामा तळघरात, चादरींच्या खोलीत.

“सुटलात की मामा,” सिस्टर म्हणाल्या. “चादरी खेकसत तरी नाहीत.”

“हं-ही म्हणत नाहीत, सिस्टर.”

मघाशी डॉक्टरांचा “हं” ऐकून मामांचा हात सवयीने उठला आणि यंत्राने तोच हुकूम मानला. यंत्रवाल्याचा चेहरा पडला. आणखी एक चूक झाली, की यंत्र परत जाणार होतं. म्हणजे मामांनी एक बोट हलवलं तरी पुरे. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

तेवढ्यात पेशंटच्या पोटात रक्त उसळलं.

“शीर कुठंय? पुढं, पुढं!” डॉक्टरांचा हात हवेत गेला.

मामांचं बोट मांडीशी वळवळलं. टेबलावर तिशीतली बाई होती. तिच्या आईने सकाळी दारात मामांनाच डॉक्टर समजून “सांभाळा हो तिला” म्हटलं होतं, आणि मामांनीही तोऱ्यात मान डोलावली होती.

मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि चोर पकडावा तसं स्वतःचं मनगट आवळलं.

फोटो सरकला. आणखी एक. तिसऱ्यात शीर दिसली. चिमटा बसला, रक्त थांबलं. यंत्रवाल्याने कागदावर खूण केली.

“बघा मामा,” हातमोजे उतरवत डॉक्टर खुशीत म्हणाले, “आज तुमचं काही कामच पडलं नाही!”

“नाही पडलं, साहेब.”

सगळे गेल्यावर मामा नळाशी गेले. कशालाही न शिवलेले हात त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून धुतले, आणि डॉक्टर धरतात तसे वर धरून उभे राहिले. पाणी कोपरांवरून ठिबकत राहिलं.