सुंदराबाईची गंधाली

"ही कोण?" सुंदराबाईने अल्बममधल्या फोटोवर बोट ठेवलं.

अडीच वर्षांच्या गंधालीने फोटोकडे पाहिलंच नाही. सुंदराबाईच्या गालावर हात ठेवून ती म्हणाली, "आई."

"नाही गं. मी मावशी. आई ही, नाशिकची."

चारकोपच्या त्या बालगृहात गंधाली आली ती बारा दिवसांची, आणि आली ती थेट तिथे मुलं सांभाळणाऱ्या सुंदराबाईच्या मांडीवर. महिनाभर रोज हा धडा चालला होता. आज दुपारी तिला दत्तक घेणारे नाशिकचे आईबाप न्यायला येणार होते. पोर मलाच दत्तक द्याल का, असं सुंदराबाईने मध्यंतरी विचारून पाहिलं होतं. अधीक्षक चेतनामॅडम हळहळल्या होत्या. "सत्तावन्न वय, त्यात एकट्या तुम्ही. कायद्यात बसत नाही ओ, मावशी."

सुंदराबाईला ते पटेना. ती स्वतः चार वर्षांची असताना आईबाप गेले, तेव्हा चुलतीने हात धरून घरी नेलं होतं. वाशिमकडच्या त्या गावात कुणी कागद मागितला नव्हता.

साडेअकराला मॅडम फोनवर गुंतल्या, तशी तिने पोरीला कडेवर घेतलं आणि ती मागच्या दाराने बाहेर पडली. नाक्यावर रिक्षा थांबली.

"कुठे जायचं, मावशी?"

आपल्या खोलीवर पोर नेली तर तासाभरात पोलीस येतील. गावचं चुलतीचं घर कधीच पडलं होतं.

"बसा ना, नायतर बाजूला व्हा. टाइम नाय आपल्याला," रिक्षावाला खेकसला.

गंधाली हसत होती. फिरायला निघालोय, असंच तिला वाटत होतं. सुंदराबाई भर उन्हात बराच वेळ तशीच उभी राहिली. मग परत फिरली.

दुपारी नाशिकच्या यामिनीने हात पुढे केले तेव्हा गंधालीने किंकाळीच फोडली. सुंदराबाईचा पदर धरलेली तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. यामिनी रडवेली झाली.

"मला जमत नाहीये हो. कशी गप्प करू हिला?"

"पाठीवर थोपटा."

यामिनी घाईघाईने थोपटू लागली. पोर अधिकच बिथरली.

"तसं नाही, ताई." सुंदराबाई मागून आली आणि पंजा खोलगट करून त्या परक्या बाईच्याच पाठीवर थोपटू लागली. "असं. दोनदा हळू, मग जरा थांबायचं. करा."

यामिनीचा हात त्या लयीत पडू लागला. गंधालीची मान तिच्या खांद्यावर कलली. सुंदराबाईकडे बघता बघता तिचे डोळे मिटले.

सुंदराबाईने हात काढून घेतला. यामिनी थोपटत राहिली.