माकूच्या रक्तातला निरोप्या

तुम्ही मला अपराधी ठरवलंत. मला विचारलं नाहीत आणि जिच्या रक्तात मी राहतो तिलाही विचारलं नाहीत. कुठल्या गावाला कुठली गोळी जाईल हे वर बसून ठरवणाऱ्यांनो, मी तुमच्याशीच बोलतोय.

आणि ऐकणाऱ्या मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. नाव रेनिन. जातीनं प्रथिन, जन्म मूत्रपिंडातला. आडा नावाच्या गावच्या खाऱ्या सरोवरात मीठ गोळा करणाऱ्या माकूच्या रक्तात माझं आयुष्य गेलं. रक्त कमी पडलं, दाब उतरला, की मी धावत सुटायचं. माझा निरोप पोचला की रक्तवाहिन्या आवळतात आणि अंगातलं मीठपाणी अंगातच राहतं.

माकूच्या पहिल्या बाळंतपणात रक्त थांबेना. तेव्हा आम्ही झुंडीनं धावलो आणि सुईण येईपर्यंत तिचा जीव धरून ठेवला. नाव सुईणीचं झालं. होऊ दे. तेवढी गर्दी मी पुन्हा पाहिली नाही.

पुढची वर्षं मिठाची. खारवलेला मासा, खारट रस्सा, आणि काढलेलं मीठ जिभेवर ठेवून पारखायची तिथल्या बायकांची रीत. रक्त तुडुंब, दाब चढलेला. मग मला कोण बोलावणार? मूत्रपिंडानं आम्हाला आतच ठेवलं. चुकून बाहेर पडलोच, तर एवढ्या मोठ्या प्रवाहात आपलं म्हणावं असं कुणी दिसत नसे.

नेमकी तेव्हा, वर बसलेल्यांनो, दाब उतरवायला तुमची गोळी आली, माझा निरोप वाटेत अडवणारी. काहींच्या रक्तात माझी खरंच गर्दी असते. तिथं ही गोळी जीव वाचवते. माकूच्या रक्तात तुम्ही रिकाम्या रस्त्यावर नाकाबंदी केलीत.

दाब हलला नाही. उलट त्या गोळीनं तिला कोरडा खोकला लागला. शेजारणी क्षय म्हणाल्या. एका भांड्यात हात घालून मक्याच्या पिठाचा बांकू खाणारं ते घर. थोरल्या बहिणीनं, कोर्कोरनं, माकूचा गोळा वेगळ्या वाडग्यात काढला.

"मला वाळीत टाकतेस, ताई?"

"वाळीत कसली? घरात पोरं आहेत. माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

माकू भिंतीकडे तोंड करून एकटी जेवू लागली.

दवाखान्यात नर्सनं दाब पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "मावशी, गोळ्या कोंबड्यांना घालतेस का?"

"कोंबड्या खोकताना ऐकल्यास कधी?"

बाकावरच्या बायका हसल्या, नर्सही हसली. आणि तीच गोळी तिनं दुप्पट करून दिली, कारण तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या कपाटात दुसरी नव्हती. अंगातलं मीठपाणी बाहेर काढणारी साधी गोळी जगात होती. इथं आली नाही.

एका सकाळी सरोवरात वाकलेली असताना माकूच्या उजव्या हातातून टोपली गळाली. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. मी आत बसून होतो. धावलो असतो तर दाब आणखी चढवून वाईटच केलं असतं.

मित्रांनो, दाब मोजून घ्या, मीठ जपून खा. गोळी लागू पडत नसेल किंवा सोसत नसेल, तर मनानं बंद करू नका. डॉक्टरांकडून बदलून मागा. मागायला लाजू नका.

आणि वर बसलेल्यांनो, या बायकांसाठी गोळी निवडताना त्यांच्यातल्या एकीचं तरी रक्त तपासलं होतंत का? माकूला आता विचारता येत नाही. म्हणून मी विचारतोय. बोला.