नबीला पाडणारा

नबीचे पाय मी चोळायचो. हे आधीच सांगतो, कारण आता बीडात जो उठतो तो म्हनतो, मीच चोळायचो. खोटं बोलतेत साले. शर्यतीच्या आदल्या दिवशी खाजामियाँच्या सायकल दुकानातल्या मागच्या खोलीत नबी पालथा पडायचा, आन मी, उत्तरेश्वर न्हावी, तिळाच्या तेलानं त्याच्या पोटऱ्या-मांड्या रगडायचो. बाभळीचं खोड चोळल्यागत वाटायचं. मी घामाघूम व्हायचो आन त्यो घोरायचा.

निजामाचं राज्य व्हतं, फसली तेराशे चाळीसच्या, म्हंजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या आसपास. हुजुरांच्या, म्हंजे निजामाच्या, सालगिरेला, वाढदिवसाला, बीडातून मांजरसुंब्याचा घाट चढून परत बीड, अशी सायकलची शर्यत लागायची. नबी खाजामियाँकडं पंक्चर काढायचा, पन त्याचं पोट शर्यतीवर. जालना, परभणी, औरंगाबाद, कुठंबी लावा, पैला नबीच. सहा वर्षं! बीडात पोचून, चहा पिऊन, सायकल पुसून ठेवायचा, तवा कुठं दुसऱ्या नंबरची धूळ दिसायची. निस्तं त्याला घाट उतरताना बघायला लोक बैलगाड्या जुंपून जायचे. दिसायचा किती, तर पापणी लवस्तोवर. तेवढ्यावर वर्षभर बोलायचे. बबनराव मोठा जमीनदार, कुणाला उठून रामराम न करणारा, पन नबी आला की खुर्ची सोडायचा. "मानूस न्हाई बे ह्यो," म्हनायचा, "ह्याला मानसानं हरवणं न्हाई."

दुसरा नंबरबी ठरलेला. वडवणीचा म्हाळू. गरीब पोरगं, भाड्याची सायकल. त्याची आई छबुबाई बाळंतपणं करायची, झाडपाल्याचं औषध द्यायची.

त्या वर्षी मला काय सुचलं देव जाने. सहा वर्षं एवढ्या लोकांचे डोळे त्या पोरावर, दृष्ट लागली तर? शर्यतवाले घाट चढून वर गेले, तसा मी एकटाच कपिलधारच्या फाट्याखालच्या वळणावर गेलतो. नारळाला कुंकू लावलं, रस्त्यावरनं तीनदा ओवाळला आन मधोमध दगडावर फोडला. तुकडे उचलायचे न्हाईत, मागं वळून बघायचं न्हाई, अशी आमच्यातली रीत. तसंच केलं, आन खाली येऊन गर्दीत मिसळलो. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नबी वळणावर दिसला. "नबी! नबी!" लोकांनी घाट डोक्यावर घेतला. त्यानं दर सालासारखे दोन्ही हात सोडून सलाम केला, आन पुढलं चाक करवंटीवर चढलं. सायकल एकीकडं, त्यो कातळावर. मांडीचं हाड मोडलेलं मी ऐकलं. कालच चोळलेली मांडी व्हती ती.

मागून म्हाळू आला. आयुष्यात एकदा पैला यायची येळ, पन ते खुळं खाली उतरलं. नबीचं डोकं मांडीवर घेतलं, पानी पाजलं. तिसराच कोनतरी शर्यत जिंकून गेला, त्याचं नाव आज कुणाला ठावं न्हाई.

बबनरावाला रस्त्यावर करवंटी दिसली, कुंकू दिसलं. झालं! "करणी केली बे कुनीतरी. त्याबिगर नबी पडंल का?" आन म्हाळू थांबला कावून? तर केलेलं लागलं का ते बघायला. सांजेपतुर त्या गोष्टीत लिंबू आलं, दुसऱ्या दिवशी सुया आल्या, तिसऱ्या दिवशी काळी बाहुली. करणी करणारी कोन, तर म्हाळूची आई. ठरलं, की येत्या बाजारच्या दिवशी वडवणीला जायचं आन म्हातारीचे पुढले दात पाडायचे. दात गेले की मंतर नीट म्हनता येत न्हाई, असं तवा लोक मानायचे.

मी तोंड उघडलं न्हाई. त्या गर्दीनं मला जागच्या जागी फाडला असता. भ्यालो, सरळ सांगतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी मात्र राहवलं न्हाई. नबीकडं गेलो. मांडीला बांबूच्या कामट्या बांधून पडला व्हता. पायापाशी बसलो आन सगळं ओकलो.

"तू फोडलास?" नबी म्हनला.

"तुझी दृष्ट काढायला रे. आईच्यान."

त्यानं मांडीवरच्या कामट्यांवरनं हात फिरवला. मग म्हनला, "करवंटी दिसली व्हती मला. हात हांडलवर असते तर चुकवली असती."

"मग एवढं बबनरावाला सांग, नबी. माझं नाव घे, न घे, पन करणी न्हाई एवढं तरी सांग. तुझंच ऐकतील ते. म्हातारीचं तोंड फोडायला निघालेत."

"हाड आता नीट बसायचं न्हाई, हाडवैद बोलला. मला आता सायकल कधीच चालवता यायची न्हाई." नबीनं माझं मनगट धरलं. "करणीनं पडला म्हनले तर नबी नबीच राहतो. सलाम ठोकता ठोकता करवंटीवर घसरला म्हनले, तर पोरं हसतेत. माझ्याकडं दुसरं काय उरलंय बे? गप बस."

"आरं, त्यानं तुला पानी पाजलंय!"

"मालूम हाय," म्हनला, आन भिंतीकडं तोंड केलं. रडत व्हता. मला त्याचा राग आला आन माझा त्याहून जास्त. तरी मी उठलो, हत्यारांची धोपटी काखेत मारली आन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास जण वडवणीला गेलो. हो, मीबी. नबीचा खास मानूस म्हनून बबनरावानं मला त्याच्याच गाडीत बसवलं. म्हाळूला चौघांनी दाबून धरला. त्यो ओरडत व्हता, "मी पानी पाजलं व्हतं! विचारा नबीला!" कोन विचारतंय. छबुबाईला ओढून बाजारात आनलं. एकानं वरवंटा आनला व्हता.

म्हातारीची नजर माझ्या धोपटीवर गेली. त्या काळी दाढाबी आमीच उपटायचो, चिमटा कायम संगं असायचा. तिनं हात जोडले. "न्हावीदादा, तुमीच काढा. त्या दगडानं नगा मारू देऊ."

अजूनबी सांगता आलं असतं. एकच वाक्य व्हतं. जिभेवर आलतं.

"बघता काय उत्तरेश्वर," बबनराव म्हनला, "तुझा मान हाय ह्यो."

मी चिमटा काढला. वरचे दोन, खालचे दोन. जमंल तेवढ्या हलक्या हातानं. ती ओरडली न्हाई, तर लोक म्हनले, बघा, बाईच्या जातीला एवढं सोसवतं व्हय, चेटकीणच हाय. तिनं रक्त थुंकलं आन मला कायतरी म्हनली. शब्द कळंना. मी वाकून परत विचारलं, तर तीच दोन अक्षरं. तिसऱ्यांदा कळली. "पानी," म्हनत व्हती.

मी उठून बघितलं, तर कुनी हललं न्हाई. मीबी न्हाई. बबनरावानं आपल्या डोक्याचा फेटा काढला आन सगळ्यांदेखत माझ्या डोक्याला बांधला. मी मान खाली घालून बांधून घेतला.